बिस्किटी रंगाचे तीन शर्ट

पुसदच्या ज्या कपड्यांच्या दुकानात मी एकतीस वर्षे शर्टांच्या काउंटरवर उभा होतो, तिथे माझ्या पाठीमागच्या भिंतीत सात खिळे होते आणि प्रत्येक खिळ्यावर एक धुतलेला शर्ट टांगलेला असे. हे शर्ट विक्रीसाठी नसत. नवा माल आला की त्यातला एक शर्ट मी घरी नेई, माझी पत्नी सुमन तो तीन वेळा धुई आणि मग तो खिळ्यावर येई. गिऱ्हाइकाने घडीतला शर्ट पसंत केला की त्याच मालातला धुतलेला शर्ट मी त्याच्या शेजारी पसरत असे. दोन महिन्यांनी जे दिसणार ते घेण्याआधी दिसावे, एवढाच हेतू होता.

दुकानाच्या मालकांना सगळे शेटजी म्हणत. त्यांना ही पद्धत आधी रुचली नाही. "अरे बाबा, दुनिया नवा माल दाखवून विकते. तू जुना दाखवून राह्यला," असे ते गिऱ्हाइकांसमोर म्हणत. त्या वेळी खिळे तीनच होते. पुढे उमरखेड, महागाव, दारव्ह्याकडचे नोकरदार बस बदलून शर्टासाठी पुसदला येऊ लागले, तेव्हा उरलेले चार खिळे शेटजींनी स्वतः ठोकले.

खरी परीक्षक सुमन होती. ती शर्ट वाळत घालताना निकाल सांगे. एका महागड्या मालाबद्दल ती म्हणाली होती, "पहिल्या पान्यात पापड, दुसऱ्या पान्यात फडकं. तिसऱ्या पान्याची वाट कायले पाहू?" तो सगळा माल व्यापाऱ्याकडे परत गेला. आमच्या विहिरीचे पाणी जड होते. त्यात टिकलेला रंग कुठेही टिके.

दुकानात लागण्याआधी काही वर्षे मी यवतमाळच्या एका दैनिकात मुद्रिते तपासण्याचे काम करत होतो. तिथल्या संपादकांचा एक नियम होता: ऐकलेले बाजूला ठेवा, तपासलेले छापा. नोकरी सुटली, नियम राहिला. व्यापारी मालाबद्दल काय सांगतो ते मी बाजूला ठेवत असे. गिऱ्हाईक काय सांगते तेही बऱ्याचदा बाजूलाच राही. या नियमाचा मला अभिमान होता. अजूनही काही प्रमाणात आहे.

कचेरीत घालायचा शर्ट कसा पाहावा, हे लोक आजही रस्त्यात थांबवून विचारतात. माझी रीत सांगतो. आधी कॉलर पाहावी. कॉलरच्या आत कडक अस्तर चिकटवलेले असते. चिमटीत धरून दोन्ही पदर एकमेकांवर चोळावेत. ते आत्ताच सुटे लागले तर पहिल्या इस्त्रीला कॉलरवर फोड येणार. मग बगलेखालची शिवण हलकेच ताणून उजेडासमोर धरावी. टाक्यांमधून उजेड दिसला तर शर्ट ठेवून द्यावा. रेघांचा शर्ट असेल तर खिशावरची रेघ छातीवरच्या रेघेला मिळते का ते पाहावे. ज्याने तिथे कापड वाचवले त्याने दुसरीकडेही वाचवलेले असते. वरचे बटण लावल्यावर गळ्याशी दोन बोटे जावीत. बाही मनगटाच्या हाडापर्यंत यावी. निव्वळ सुती कापड मे महिन्यात सुखाचे, पण त्याला रोज इस्त्री लागते. भाड्याच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या माणसाला मी थोडे कृत्रिम धाग्याचे मिश्रण असलेलेच कापड देत असे.

शेवटची तपासणी खुर्चीवर होई. आरशासमोर आम्ही एक लाकडी खुर्ची आणि बुटके टेबल ठेवले होते. दुकानातले लोक तिला 'सहीची खुर्ची' म्हणत. कचेरीतला शर्ट दिवसातले सात तास बसून घातला जातो, उभे राहून नव्हे. म्हणून नवा शर्ट चढवला की गिऱ्हाइकाने त्या खुर्चीवर बसायचे आणि टेबलावर सही करतो आहोत असा हात पुढे न्यायचा. बाही किती वर सरकते, पोटावरचे बटण ताणते का, हे बसल्यावरच कळते. एक बँकेतले साहेब दर वर्षी त्या खुर्चीवर बसत, बटण ताणलेले पाहत आणि खुर्चीच लहान झाली म्हणत. तरीही बसल्याशिवाय मी कोणाला शर्ट बांधून दिला नाही. अपवाद एकच.

पोळा होऊन दोन दिवस झाले होते. दुपारी खाकी गणवेशातला एक माणूस पायरीवर येऊन थांबला. सोबत त्याची बायको होती. मी हाक मारेपर्यंत तो आत आला नाही.

"हापिसातले शर्ट पाह्यचे होते," तो म्हणाला.

"कोणत्या साहेबांसाठी?" मी विचारले.

उत्तर बायकोने दिले. "साहेबासाठी नाई, भाऊ. याइच्यासाठीच. हे बाबू झाले."

त्याचे नाव किसन राठोड. उमरखेडच्या एका सरकारी कार्यालयात तो चोवीस वर्षे शिपाई होता. टायपिंगच्या परीक्षेत दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा पास झाला होता आणि येत्या सोमवारपासून त्याच कार्यालयात लिपिक म्हणून बसणार होता. ज्या टेबलांवर त्याने चोवीस वर्षे फडके मारले, त्यातलेच एक टेबल त्याला मिळणार होते.

"आजवर कापड सरकार देत होतं," तो म्हणाला. "रंग निवडाचं काम कदी पडलंच नाही. मले जास्त काई नाही पाह्यजे. मानूस दारात आला, तं त्याले एका नजरेत समजलं पाह्यजे का हा टेबलावरचा बाबू हाय. बस."

मी ते ऐकले आणि सवयीप्रमाणे बाजूला ठेवले.

त्याच्या बायकोने मागच्या फळीवरच्या गडद निळ्या, बारीक पांढऱ्या रेघांच्या शर्टाकडे बोट केले. मी तो काढला आणि खिळ्यावरचा धुतलेला जोडीदार त्याच्याशेजारी पसरला. तीन धुण्यांत कोपराजवळ रंग फिकटला होता. "वहिनी, हा दोन महिन्यांत असा दिसेल," मी म्हणालो आणि माझ्या मते त्या वर्षीचा सर्वांत चांगला माल पुढे केला. बिस्किटी रंग, घट्ट विणीचे कापड, कॉलर अभंग. धुतलेला कोणता आणि नवा कोणता, हे खुद्द सुमनलाही ओळखता आले नव्हते. जुन्या फायलींची धूळ त्यावर दिसणार नव्हती. बिस्किटी, बदामी आणि मधली एक छटा असे तीन शर्ट एकाच कॉफी रंगाच्या पँटवर चालणार होते. किंमतही निळ्यापेक्षा कमी होती. यापेक्षा रास्त खरेदी त्या दिवशी दुकानात नव्हती, आणि हे मी तपासून सांगत होतो.

किसनने शर्ट अंगात घातला. बायकोने त्याच्याकडे पाहिले, मग खुंटीवर टांगलेल्या खाकी सदऱ्याकडे पाहिले.

"ह्या रंगात तं हे रोजच्यासारखेच दिसतात," ती म्हणाली.

"म्हणजे शोभतो," मी म्हणालो.

मी तिचे बोलणे पसंती समजलो.

मग मी त्याला सहीच्या खुर्चीवर बसायला सांगितले. खुर्चीसमोरच, चार हातांवर, शेटजी गादीवर बसलेले होते. किसनने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि काढून घेतला.

"उभ्यानं बी बराबर हाय," तो म्हणाला.

"बसल्याशिवाय बाही कळत नाही."

त्याने उभ्यानेच कमरेत वाकून टेबलावर हात पुढे केला, सही केल्यासारखा. "हे पाहा. आली बराबर."

दुकानात गर्दी होती. मी आग्रह सोडला. चाळीस मापाचे तीन शर्ट बांधून दिले.

पंधरा-सोळा दिवसांनी, रविवारी दुपारी, तो एकटाच आला. अंगात घरातला जुना पांढरा सदरा होता आणि हातात आमच्याच दुकानाची पिशवी. शेटजी जेवायला गेले होते. दुकानात मी आणि जिन्याखाली शिलाई मशीनवर बसणारे करीमचाचा, एवढेच होतो. करीमचाचा आमच्याकडे कपडे कमी-जास्त करून देण्याचे काम करत.

पिशवीत तिन्ही शर्ट होते, धुऊन, इस्त्री करून.

"कॉलरवर फोड आले का?" मी विचारले.

"नाही."

"रंग गेला?"

"नाही ना. माल एक नंबर हाय. तुमी सांगतलं ते सगळं खरं निघालं."

"मग?"

तो काउंटरवरच्या पिशवीची घडी करत राहिला. मग त्याने क्रमाने सांगितले. सोमवारी एक म्हातारा आला, त्याने फाइल त्याच्या हातात दिली आणि साहेबांना नेऊन दे म्हणाला. मंगळवारी दोघांनी झेरॉक्सचे दुकान विचारले. त्याला त्याचे काही वाटले नाही, लोक जुने ओळखीचे होते. गुरुवारी नवे अधिकारी बदलून आले.

"त्याइले कोनी सांगतलं नव्हतं माह्याबद्दल. मी सहीसाठी कागद घेऊन गेलतो आत. त्याइनं वर पाह्यलं. आधी शर्ट पाह्यला, मंग मले पाह्यलं. अन् म्हनलं, पानी आना."

"मग?"

"मंग काय. देल्लं आनून. चोवीस वर्ष देल्लं पानी. कदी थेंब नाही सांडला. त्या दिवशी गिलासातलं सांडलं. आमचा नवा शिपाई दारातच उभा होता. तो पाहून राह्यलता."

करीमचाचांनी मशीन थांबवले होते.

"घरी आलो तं बायको म्हने, मी तं दुकानातच सांगतलं होतं," किसन म्हणाला. "तुमाले दोष नाही देत मी. चूक माहीच. मले बोलता नाही आलं."

मला त्याच्या बायकोचे वाक्य आठवले, आणि ते कशाकडे पाहून म्हटले होते तेही.

"मियाँ," करीमचाचा जिन्याखालून म्हणाले, "तुमने कपडा तीन बार धोके देखा. आदमी खाकी में खडा है, वो नई देखा."

वापरलेला कपडा परत घ्यायचा नाही, हा दुकानाचा नियम होता आणि तो पाटीवर लिहिलेला होता. किसनने ती पाटी वाचली होती. तो परत करायला आलाच नव्हता. हे शर्ट दुसऱ्या कोणत्या रंगात बुडवून मिळतील का, एवढे विचारायला आला होता. मी करीमचाचांकडे पाहिले.

"रंगवायला देऊ नका," ते म्हणाले. "कापड मरते. तुमीच घ्या ना तिन्ही. नाप तुमचाच हाय, चाळीस."

मी ते शर्ट माझ्या पिशवीत टाकले आणि किसनला फळ्यांसमोर उभे केले. "आता तुम्ही सांगा."

"फुकट नको मले."

"फुकट नाही. अदलाबदल आहे. तुमचे मी घातले, माझे तुम्ही घाला."

तो हात पाठीमागे बांधून फळ्यांसमोर उभा राहिला. साहेबांच्या खोलीत उभे राहावे तसा. बराच वेळ गेला. मी मध्ये बोललो नाही. एकतीस वर्षांत गिऱ्हाईक निवडत असताना मी गप्प बसलो, असे फारसे घडले नव्हते. शेवटी त्याने तोच गडद निळा, पांढऱ्या रेघांचा शर्ट दाखवला.

"तिनं म्हनलं होतं तो."

"कोपराजवळ फिका होईल," माझ्या तोंडून निघून गेले.

"होऊ द्या. फिका होईन, खाकी तं नाही होनार?"

करीमचाचा मोठ्याने हसले. मग किसनही हसला. मी त्याला पहिल्यांदाच हसताना पाहत होतो.

शर्ट अंगात चढवून तो आरशासमोर आला. मी खुर्चीकडे हात केला.

"बसाच लागते काय?"

"लागते."

तो बसला. खुर्चीच्या अगदी कडेला, पाय जमिनीवर जुळवून. त्याच वेळी शेटजी जेवून आले आणि किसन ताडकन उभा राहिला. शेटजींना यातले काहीच ठाऊक नव्हते. रेघांचा शर्ट घालून आरशासमोर उभे असलेले एक गिऱ्हाईक त्यांना दिसले. कचेरीतल्या प्रत्येक गिऱ्हाइकाशी ते जसे बोलत तसेच बोलले.

"बसा, बसा बाबूजी. उभे काहून राह्यले?"

किसनने त्यांच्याकडे पाहिले, आणि तो बसला. या वेळी पाठ टेकून. त्याने टेबलावर हात पुढे केला. बाही ठीक होती, पण पोटावरचे बटण ताणले गेले. त्याला चाळीस नव्हे, बेचाळीस लागत होता. म्हणजे मी विकलेले तिन्ही शर्ट मापानेही चुकलेले होते. तो उभा होता म्हणून ते कळले नव्हते.

बेचाळीसचा निळा शर्ट, एक पांढरा आणि एक हिरवट चौकटीचा, असे तीन शर्ट त्याने नेले. या तीन शर्टांचे पैसे मी शेटजींना दिले. त्यांनी कारण विचारले तेव्हा मी सगळे सांगितले. चौकटीचा शर्ट त्यांनी त्याच आठवड्यात तिघांना 'बाबू लोकांच्या पसंतीचा' म्हणून विकला.

त्यानंतर मी माझ्या रीतीत एक प्रश्न वाढवला. कॉलर, शिवण, बटण यांच्याआधी विचारू लागलो: कालपर्यंत काय घालत होता? बँकेत सुरक्षारक्षक असलेला माणूस वसुलीच्या कामावर जाणार असेल, बसचा वाहक कार्यालयात बसणार असेल, तर त्याच्या जुन्या गणवेशाशेजारी नवा शर्ट धरून पाहू लागलो. प्रश्न साधा होता. तो सुचायला मला इतकी वर्षे लागली आणि किसनच्या हातून पाणी सांडावे लागले.

आता ते दुकान आहे, पण ओळखू येत नाही. शेटजींच्या मुलाने आत पडदे, दिवे आणि थंड हवेचे यंत्र बसवले. भिंतीवर लाकडी तक्ते ठोकले, त्याखाली माझे सात खिळे गेले. कपडे चढवून पाहायच्या खोलीत जेमतेम उभे राहता येते. खुर्ची कुठे गेली ते मी विचारले नाही. बरेच लोक शर्ट मोबाईलवर मागवतात, घरी घालून पाहतात, नको तर परत पाठवतात. ही सोय मोठी आहे, हे मान्य केले पाहिजे. त्या दिवसांत ती आमच्याकडे पोचली असती तर किसनला पाटी वाचावी लागली नसती. पण पाच शर्टांच्या चित्रांसमोर बसलेला माणूस पाहिला की मला अजूनही सुमनच्या दोरीवर वाळणारे शर्ट आठवतात. करीमचाचा तीन वर्षांपूर्वी गेले. मी गेल्या वर्षी निवृत्त झालो.

ते तीन बिस्किटी शर्ट मी सात वर्षे घातले. दोन फाटले. तिसऱ्याची कॉलर घासली तेव्हा करीमचाचांनी ती उसवून, उलटी फिरवून पुन्हा शिवून दिली. त्यांच्या हातची ती शेवटची कॉलर. मागच्या महिन्यात एका दाखल्यासाठी पुसदच्या सरकारी कार्यालयात गेलो तेव्हा अंगात तोच शर्ट होता.

बाकावर जागा नव्हती म्हणून मी साहेबांच्या दाराशी उभा राहिलो. गावाकडचा एक तरुण शेतकरी घाईने आला आणि त्याने कागदांची गुंडाळी माझ्यासमोर धरली.

"ओ काका, हे साहेबाइले आत देता काय? अन् पानी कुठं भेटते इथं?"

माझा हात पुढे गेला. गिऱ्हाइकाने पुढे केलेली वस्तू घ्यायची, ही सवय एकतीस वर्षांची होती. कागद माझ्या हातात आले तेव्हा मला कळले की त्याने काय पाहिले आहे. मी सांगू शकलो असतो. त्याऐवजी मी कागदांची गुंडाळी घट्ट करत राहिलो.

"ओ भाऊ," कोपऱ्यातल्या टेबलावरून आवाज आला, "कागद इकडं आना. ते आमचे पाहुने हायेत. पान्याचा माठ बाहेर हाय, डाव्या हाताले."

किसन राठोड होता. त्याची बदली पुसदला झाल्याचे मला ठाऊक नव्हते. केस पांढरे झाले होते. अंगात गडद निळा शर्ट होता, बारीक पांढऱ्या रेघांचा, कोपराजवळ फिका.

तेवढ्यात आत साहेबांची बेल वाजली. किसनचा तळवा खुर्चीच्या हातावर दाबला गेला, क्षणभर तिथेच राहिला आणि परत टेबलावर आला. शिपाई आत गेला.

"बसा," त्याने समोरची खुर्ची दाखवली. मी बसलो. तो माझ्या शर्टाकडे पाहत होता.

"हा तोच काय?"

"तोच. तिसरा."

त्याने टेबलावरून हात लांब करून माझी कॉलर चिमटीत धरली आणि दोन्ही पदर चोळून पाहिले, मी दुकानात पाहत असे तसे.

"अजून टिकला."

"एकदा उलटवली कॉलर."

"रंग बी नाही उतरला."

"नाही."

"सांगतलं होतं तुमी," तो म्हणाला आणि माझा अर्ज पुढे ओढून त्यावर पोच म्हणून सही केली. सही करताना त्याची बाही मनगटाच्या हाडावर होती. पोटावरचे बटण ताणलेले नव्हते.